आमची वाटचाल : नॅनोअँपिअरचा हिशेब

कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी काम सुरू केलं. गाठीशी दोन संगणक आणि एक जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र, होता. ध्यास एकच, छातीवर चिकटवायच्या ईसीजी पट्टीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे हृदयाचे क्षीण संकेत मोठे करणारी चिप, पुण्यात बसून डिझाइन करायचा.

पट्टी चालणार सीआर२०३२ बॅटरीवर, म्हणजे साधारण २२० मिलिअँपिअर-तास. आमच्या भागाने १०० मायक्रोअँपिअर खाल्ले तर तीन महिने, १० खाल्ले तर अडीच वर्षं. हा हिशेब आम्ही भिंतीवर लिहून ठेवला होता.

कॉलेजात ट्रान्झिस्टर थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो नीट चालू होतो त्या व्होल्टेजच्या, वर ठेवायला शिकलो होतो. इथे मुद्दाम खाली ठेवायचा. तिथे करंट अगदी थोडा, पण दर अँपिअरमागे ट्रान्सकंडक्टन्स (इनपुट व्होल्टेज बदललं की करंट किती बदलतो ते माप) सर्वांत जास्त मिळतो. वेग जातो, पण ईसीजीला १५० हर्ट्झच्या पुढचा वेग हवाय कुणाला? व्हिटोझ आणि फेलरात यांचा या पद्धतीवरचा शोधनिबंध १९७७चा, त्यामागे स्विस मनगटी घड्याळांचं काम. तो आम्ही नव्या मुलांना आजही पहिल्या आठवड्यात वाचायला देतो. इनपुटला मोठ्या आकाराचे पीमॉस (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) घ्यायचे, कारण कमी फ्रिक्वेन्सीचा फ्लिकर नॉइज, म्हणजे ट्रान्झिस्टरची स्वतःची खरखर, त्यांत कमी असतो.

खरी परीक्षा फिल्टरची. त्वचेवरच्या इलेक्ट्रोडचा डीसी, म्हणजे न बदलणारं व्होल्टेज, अडवायचा आणि ०.५ हर्ट्झपासून पुढचं सोडायचं. चिपवर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर परवडतो, म्हणजे रेझिस्टर हवा ३० गिगाओहमच्याही वर. तसा रेझिस्टर सिलिकॉनवर कुठून आणणार? म्हणून बंद अवस्थेतल्या पीमॉसचा स्यूडो-रेझिस्टर, म्हणजे रेझिस्टरचं काम करणारा ट्रान्झिस्टर. हॅरिसन आणि चार्ल्स यांनी २००३ साली मेंदूतल्या संकेतांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हीच युक्ती वापरली होती.

पोटापाण्यासाठी इतरांच्या चिपचे लेआउट (आराखडे) करून दिले, त्यातून पहिल्या चिपचे पैसे उभे केले. कित्येक महिन्यांनी चिप हातात आली. सिम्युलेशनमध्ये सगळं चोख होतं. टेबलावर मात्र आउटपुट वरच्या रेलला, म्हणजे पुरवठ्याच्या कमाल व्होल्टेजला, चिकटलेलं. चार दिवस आम्ही बायस (ट्रान्झिस्टरना दिलेला स्थिर करंट) तपासला, सोल्डरिंग पुन्हा केलं, एकमेकांशी बोलणंही कमी झालं. पाचव्या दिवशी माझी भागीदार एक वायर बघायला बोर्डावर वाकली आणि स्कोपवरची रेघ हलली. ती सरळ उभी राहिली, रेघ पुन्हा वर. ती पुन्हा वाकली, रेघ खाली.

तिची सावली! तपासणीसाठी आम्ही पॅकेज उघडं ठेवलं होतं आणि डोक्यावर दिवा होता. उजेडाने ट्रान्झिस्टरमधल्या पीएन जंक्शनमध्ये (दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यात) करंट निर्माण होतो. तो १० पिकोअँपिअर असला तरी ३० गिगाओहमवर ०.३ व्होल्ट होतात. काळी पट्टी चिकटवली आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू लागला. पुढच्या चिपमध्ये स्यूडो-रेझिस्टरच्या नोडवर (जोडबिंदूवर) सर्वांत वरच्या मेटलचं छप्पर घातलं. सुरुवातीला आउटपुट जागेवर यायला बरेच सेकंद लागत, म्हणून स्यूडो-रेझिस्टरला समांतर एक रीसेट स्विचही दिला.

२०२० साली स्कायवॉटर या चिप कारखान्याचं १३० नॅनोमीटरचं पीडीके, म्हणजे त्यांच्या प्रक्रियेसाठी डिझाइन करायला लागणारी माहिती, सर्वांसाठी खुलं झालं. आमच्याकडे येणारी मुलं आता एनजीस्पाइस या मोफत सर्किट सिम्युलेटरवर घरीच सराव करून येतात. आम्हाला तेव्हा हे मिळालं असतं, तर दोन वर्षं वाचली असती.

दुसरी चिप आली त्या संध्याकाळी इलेक्ट्रोड मी स्वतःलाच लावले. आर लाट, म्हणजे ईसीजीतला ठोक्याचा उंच टोकदार भाग, दिसणारच होती. नजर होती तिच्याआधी येणाऱ्या छोट्या पी लाटेवर, जेमतेम ०.१ मिलिव्होल्टची. ती प्रत्येक ठोक्याआधी स्वच्छ उमटत होती. दिवा चालूच होता.