वर दाणे, खाली भुसा

त्या दिवशी माझं काम एवढंच होतं. मॉनिटरमागं स्टुलावर बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि हिरोनं 'काय करायलास' नीट म्हटलं की डायरेक्टरला अंगठा दाखवायचा. कॉलशीटवर माझ्या नावापुढं 'डायलेक्ट कोच' असं भारदस्त काहीतरी छापलेलं. सेटवर मात्र माझं नाव 'भाषा'. "भाषा कुठाय? भाषेला चहा दिला का?"

वेबसिरीज मराठी, तिचा नायक परभणी जिल्ह्यातला सोयाबीनवाला शेतकरी. याच भूमिकेसाठी चार महिने आधी मी आरामनगरात ऑडिशन दिली होती. वर्सोव्यातल्या त्या बैठ्या जुन्या घरांत आता कास्टिंगवाले बसतात. गल्लीत शिरलं की कुणी ना कुणी भिंतीकडं तोंड करून डायलॉग पुटपुटत असतंच. नाव, वय, उंची सांगून झालं, डावी-उजवी बाजू दाखवून झाली, आणि मी तो सीन आपल्या घरी बोलतो तसा केला. कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली, "छान होतं सर, पण जरा गावरान करा ना."

"हे गावरानच आहे."

"नाही म्हणजे, ते 'पाव्हणं', 'न्हाय जी' वगैरे."

पाव्हणं सातारा-कोल्हापूरकडचं, जी नागपूरकडचं. जिंतूर तालुक्यात असं बोलणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण पडद्यावरच्या गावात हीच मिसळ चालते, मग मीही वाढली. नाही झालं. चार महिन्यांनी त्याच ऑफिसातनं फोन आला, लीड लॉक झालाय, मोठं नाव आहे, फक्त भाषा बसत नाहीये, तुम्ही परभणीचेच ना?

बनी तो बनी, नहीं तो परभणी. २०१६ साली देवगिरी एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये चढताना मित्रांनी फलाटावरून हेच ओरडून मला निरोप दिला होता. त्याआधी मी औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो. प्रा. लक्ष्मण देशपांडे एकेकाळी त्याच विभागाचे प्रमुख होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी करून त्यांनी आमची बोली साता समुद्रापार नेली. त्याचा अभिमान आहेच. पण तेव्हापासून आम्ही तोंड उघडलं की लोक हसायच्या तयारीनंच बसतात, असंही मला वाटत आलंय. या बोलीत रडता येतं का, भांडता येतं का, हे तपासायला फारसं कुणी थांबलं नाही.

हिरोबद्दल वाईट बोलणार नाही. मेहनती माणूस. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे डायलॉग माझ्या आवाजात मागवायचा, मी व्हॉइस नोट करून पाठवायचो, तो कानात घालून झोपायचा. पण 'करायलास'मधल्या 'ला'वर किंचित रेंगाळायचं आणि 'स' जवळजवळ गिळायचा, हे सांगून येत नाही. शिवाय मराठवाडा म्हणजे काही एक बोली नाही. जालन्याकडं 'करू राहिला', बीडकडं 'मपलं-तुपलं', उदगीरला गेलात तर कानडीची चाल. माझे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूत तिसरी शिकलेले, त्यांचं बोलणं आणखी वेगळं. हे सगळं मी पहिल्या दिवशी हौसेनं समजावून सांगितलं. डायरेक्टर म्हणाला, "भाषा, इतकं डिटेल नको, प्रेक्षकाला कळलं पाहिजे."

तर, २०२४चा डिसेंबर. रविवारी मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असतो म्हणून तिथं शूटिंगला परवानगी मिळालेली. सकाळी दहाच्या सुमाराला गेटाशी बोलेरो थांबली आणि तिच्यातनं आमचे अण्णा, माझे वडील, उतरले. सोबत गावातले दोघं. हातात फडक्यात बांधलेले धपाटे. मी फोनवर फक्त 'सिरीजमध्ये काम करायलोय' एवढंच बोललो होतो. खोटं नव्हतं. पण अण्णांनी गावात काय सांगितलं असेल ते त्या दोघांच्या इस्त्रीच्या कपड्यांवरनं कळत होतं.

ते दोरीच्या पलीकडं उभे राहिले आणि कॅमेऱ्यासमोरच्या गर्दीत मला शोधायला लागले. मी मागनं हात केला. अण्णा जवळ आले, स्टुलाकडं पाहिलं, हेडफोनकडं पाहिलं.

"तू कामून मागं बसलास?"

"माझं काम इथंच असतं अण्णा."

"बरं," म्हणाले, आणि धपाट्याचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

सीन साधा होता. हिरो तीन पोती सोयाबीन घेऊन येतो. व्यापारी पोत्यात हात घालतो, ओल आहे म्हणून भाव पाडतो. शेजारी उभा असलेला म्हातारा शेतकरी मध्ये पडतो, "ओल कुटं हाय? फोडून तर बघा." त्या म्हाताऱ्यासाठी मुंबईहून आणलेला ज्युनियर आर्टिस्ट, चिकटवलेल्या पांढऱ्या मिशीचा, सात टेक झाले तरी 'वल कुठं हाय जी'च म्हणत होता. जी त्याच्या जिभेवरनं हलेना.

डायरेक्टर वैतागला. "भाषा, तू करून दाखव."

मी उठलो, मार्कवर उभा राहिलो, वाक्य टाकलं. कॅमेरामननं मान हलवली. दोन-चार सेकंद मला खरंच वाटलं की झालं. डायरेक्टर म्हणाला, "परफेक्ट रे. पण तू पोरगा दिसतोस." मग माझ्या खांद्यावरनं पलीकडं बघत म्हणाला, "ते धोतरवाले काका कोण आहेत?"

अण्णा आधी तयारच होईनात. "मी काय नाटक्या हाव का?"

"नाटक नाही करायचं काका. भांडायचं."

"कुणासंगं?"

"व्यापाऱ्याशी. तो म्हणतो माल ओला आहे."

"ते तर म्हणतच असतेत."

हा राग नवा नव्हता. दिवाळीनंतर त्याच मोंढ्यात अण्णांनी आमचं ११ क्विंटल घातलं होतं. हमीभाव ४,८९२, हातात पडला ४,०५०. ओल आहे असंच सांगितलं होतं.

रोल, अ‍ॅक्शन. अण्णा सरळ पोत्याकडं गेले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. शेतकरी पोतं असंच बघतो, वरवर नाही. हात बाहेर आला तर मुठीत भुसा. आर्टवाल्यांनी खाली भुसा भरून वर चार बोटं सोयाबीन पसरलं होतं. अण्णा भुश्याकडं बघत राहिले, मग थेट कॅमेऱ्याकडं वळले.

"वर दाणे, खाली भुसा. ही पोती कोण भरली?"

अख्खं युनिट हसलं. अण्णा हसले नाहीत. "असलं पोतं घिऊन मोंढ्यात आलं तर चार गावात तोंड दावायला जागा ऱ्हात नाई," म्हणाले. आर्टवाल्या पोराला वाटलं काका विनोद करतायत. शेवटी शेजारच्या आडतीचं शटर उघडून खरं सोयाबीन आणलं, पोती पुन्हा भरली. त्यात पाऊण तास गेला. मला कुणी काही म्हणालं नाही, पण 'तुझ्या वडलांनी' असं सगळे बघत होते.

दुसरा टेक. अण्णांनी मूठ भरून घेतली, फुंकर मारली, एक दाणा दाढेखाली धरला. माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला, कट्. बारीक, कोरडा. साउंडवाल्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. व्यापाऱ्यानं डायलॉग घेतला, "ओलंय काका, चार हजाराच्या वर नाय." आता अण्णांचं वाक्य. ते बोललेच नाहीत. फोडलेला दाणा तळहातावर घेऊन व्यापाऱ्याच्या नाकाखाली धरला.

"ह्याला ओल म्हणायलास? मग वाळल्यालं काय आसतंय, सांग."

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. व्यापारी झालेला नट, बारा-पंधरा वर्षं रंगभूमीवर काढलेला, एक पाऊल मागं सरकला. हिरो अण्णांच्या हाताकडं बघत राहिला. डायरेक्टरनं बराच वेळ कट म्हटलं नाही.

मला अंगठा दाखवायची आठवण झाली नाही. कुणी माझ्याकडं पाहिलंही नाही. आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही, पण आधी पोटात काहीतरी कडू वर आलं. आठ वर्षं गोरेगावात एका खोलीत चौघं राहून जे वाक्य म्हणायला मी तरसलो, ते या माणसानं चहा प्यायच्या आधी म्हटलं.

दुपारी को-ऑर्डिनेटरनं व्हाउचरवर सही घेऊन अण्णांच्या हातात रोख हजार ठेवले. ७०० उभं राहायचे, ३०० वाक्याचे. अण्णांनी नोटा दोनदा मोजल्या.

"तुला किती द्यायलेत?"

"दिवसाला अडीच हजार."

"कुटं हायत?"

"९० दिवसांनी येतेत."

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "आडत्यासुद्दा दुसऱ्या दिवशी पट्टी हातावर ठिवतो रं." सोबतचे दोघं मान खाली घालून हसले. मग बोलेरोत बसताना त्यांनी एवढंच विचारलं, टीव्हीवर कधी दिसेल. मी म्हटलं, मोबाइलवर दिसतं ते. "मंग काय उपेग," म्हणाले.

रात्री हॉटेलवर हिरोचा मेसेज आला. ते वाक्य डायरेक्टरला इतकं आवडलंय की शेवटच्या भागात हिरोच्या तोंडी घातलंय, उद्या सकाळीच सीन आहे. 'वाळल्यालं काय आसतंय, सांग', दादा, प्लीज तुझ्या आवाजात पाठव.

मी बाथरूमचं दार लावून रेकॉर्ड केलं. ऐकलं, पुसलं. पुन्हा केलं. सहा वेळा केलं. उच्चार सगळे बरोबर होते, 'ला'वर रेंगाळलो होतो, 'स' गिळला होता. सहाही वेळा नट बोलल्यासारखं वाटत होतं.

सव्वादहाला घरी फोन लावला. आईनं उचलला.

"निजलेत ते. पहाटं लाईट येणार हाय, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. काय काम होतं?"