लाल ठिपका

गेल्या ऑगस्टमधली मंगळवारची सकाळ. रात्रभर पाऊस लागून राहिला होता. साडेआठच्या सुमारास वॉचमनचा फोन आला, "मॅडम, जरा खाली या. मावशींच्या हाताला काहीतरी लागलंय."

खाली गेले तर आमच्या सोसायटीचा कचरा उचलणाऱ्या मावशी पार्किंगच्या कट्ट्यावर उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून बसल्या होत्या. समोर सुक्या कचऱ्याची पिशवी सोडलेली. तिच्यात नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आमच्याकडे येतात त्याच बिस्किटांचे पुडे, आणि लाल टोपण निघालेली इन्सुलिनची सिरिंज. पिशवी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती.

"काय नाय ताई," त्या म्हणाल्या. "धुते अन् चुना लावते. हे तर चालूच ऱ्हातं."

हे चालूच राहतं, या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला. मी त्यांचा अंगठा दाबून रक्त काढायला निघाले होते. तसं करायचं नसतं हे नंतर कळलं. जखम दाबायची नाही, चोळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. आम्ही रिक्षा केली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो सुई कुणाला टोचलेली होती हा. दुपारी नानांचं रक्त तपासायला दिलं: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. एचआयव्हीची शंका असेल तर औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. रात्री रिपोर्ट आले, तिन्ही निगेटिव्ह. तोवर मी देवापुढे दिवा लावून नुसती बसून होते.

मावशींना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं गेलं. मग डॉक्टरांनी विचारलं, हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का? अकरा वर्षं दुसऱ्यांच्या घरातला कचरा उचलणाऱ्या या बाईंना ती लस कधी कुणी दिलीच नव्हती. ज्या ठेकेदाराकडे त्या काम करतात त्यानं हातमोजे दिले होते ते एकदाच, तेही पुरुषांच्या मापाचे. लस तीन डोसांची. पहिला त्याच दिवशी, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिन्ही तारखा मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मोबाइलमध्ये मांडून ठेवल्या.

नानांचं वय ८१. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. मधुमेह जुनाच. दिवसाला दोन इंजेक्शनं आणि चार डायपर. म्हणजे महिन्याला ६० सिरिंजा आणि १२० डायपर, नेरुळमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या सिडकोच्या घरातून खाली जातात. मी ओला-सुका काटेकोर वेगळा करणारी बाई. हिरव्या डब्यात भाजीची देठं, निळ्यात प्लास्टिक आणि कागद, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून. आपलं घर या बाबतीत चोख आहे असं मी दहा जणींना सांगितलं असेल. सिरिंज प्लास्टिकची असते, म्हणून ती निळ्या डब्यात. सुईचा विचार मी केलाच नव्हता.

त्या आठवड्यात मी घनकचऱ्याचे २०१६ चे नियम पहिल्यांदा नीट वाचले. त्यात घरातल्या कचऱ्याचे दोन नव्हे, तीन भाग सांगितले होते. तिसरा घरगुती घातक कचरा: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल आणि ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचे फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, आणि वापरलेल्या सुया व सिरिंजा. स्पष्ट शब्दांत. नऊ वर्षं हा नियम होता आणि आमच्या जिन्यात मात्र दोनच डबे.

डायपर आणि सॅनिटरी पॅडबद्दल त्याच नियमांत लिहिलं होतं की ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावेत. कागदावर हे ठीक दिसतं. पण सुक्याची पिशवी मावशी सोडतातच. त्यातल्या बाटल्या, पुठ्ठा, डबे वेगळे काढून त्या भंगारवाल्याला देतात, महिन्याच्या पगाराला तेवढाच हातभार. ओल्याची पिशवी सहसा तशीच उलटी होते, सुक्यात मात्र हात घालावाच लागतो. नेमक्या त्याच पिशवीत आम्ही सगळे डायपर आणि पॅड टाकत होतो. एक डायपर सुटला की त्याच्यासोबतचा सगळा कागद वाया.

आणि आपण ते टाकतो कसे? काळ्या पिशवीत. गाठीवर गाठ मारून. कुणाला दिसू नये म्हणून. मी स्वतः नानांचे डायपर रात्री दहानंतर खाली नेत असे, शेजारी जिन्यात भेटू नयेत म्हणून. लहानपणापासून पॅडच्या बाबतीत हेच शिकलो, काळी पिशवी आणि वर्तमानपत्र. पण काळ्या पिशवीत काय आहे ते मावशींना बाहेरून कळत नाही, म्हणून त्या ती उघडतात. मी लाजेनं लपवलेलं त्यांना रोज सकाळी हातानं उघडावं लागत होतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा तक्रारीचा सूरही नव्हता. मी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

सुयांसाठी मी कपड्यांच्या कंडिशनरची रिकामी बाटली घेतली. जाड प्लास्टिक, आटे असलेलं झाकण. पाण्याची बाटली चालत नाही, तिच्यातून सुई आरपार जाते. काच फुटते. इंजेक्शन दिलं की सुईवर टोपण परत लावायच्या भानगडीत पडायचं नाही, त्यातच आपल्या बोटाला टोचते. सिरिंज तशीच सुईच्या टोकानं बाटलीत सोडायची. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी. बाटलीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "सुया आहेत. उघडू नका." आणि मावशींना अभिमानानं दाखवली.

त्यांनी बाटली हातात धरून फिरवली. मग म्हणाल्या, "ताई, मला वाचता येत नाय. काहीतरी रंग लावा."

इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

तेव्हा मला नणंदेची आठवण झाली. ती पुण्यात राहते. तिकडे कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम चालवली आहे: पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि पुडीवर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला न उघडता कळतं. नणंदेनं मला हे मागे एकदा फोनवर सांगितलं होतं आणि मी हूं हूं करून विषय बदलला होता. आता तिलाच फोन करून सगळं नीट विचारून घेतलं. बाटलीवर लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला. भरलेली बाटली आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेऊन दिली. दवाखान्यातल्या सुयांसाठी पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा असतो. माझ्या सिरिंजाही त्याच वाटेनं जातील असं ते म्हणाले. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना एकदा विचारून पाहा, माझी एवढीच विनंती आहे.

डायपरला वेळ लागला. मळ आधी संडासात टाकायचा. मग डायपर आतल्या बाजूनं घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करायचा, वर वर्तमानपत्राचं मोठं पान, आणि मार्करनं ठिपका. महिन्याला १२० पानं लागतात, त्यामुळे आमची रद्दी आता विकायला उरत नाही. डायपर किंवा पॅड कमोडमध्ये मात्र कधीही सोडू नका. आतली जेल पाणी पिऊन अनेक पटींनी फुगते. मागच्या पावसाळ्यात आमच्या बी विंगचं चेंबर तुंबलं, त्यात काय निघालं ते चेंबर साफ करायला उतरलेल्या माणसानं आम्हाला दाखवलं होतं.

हे एका घरानं करून भागत नाही. ३२ फ्लॅट आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर आधी शांतता. मग एक काका म्हणाले, हे असले विषय बायकांनी बायकांत बोलावेत. दुसऱ्यांनी विचारलं, अजून एक डबा ठेवायचा कुठे, जिन्यात जागा आहे का? जागेचा प्रश्न खरा होता. शेवटी पंपरूमच्या बाजूला डायपर-पॅडसाठी झाकणाचा एक डबा ठेवायचं ठरलं, आणि त्यावर मावशींना दिसेल असा लाल गोल. पण मीटिंगपेक्षा मीटिंगनंतर जे झालं ते माझ्या लक्षात राहिलंय. त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत एकेक जण दाराशी आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांनाही वर्षभर डायपर लागतात. कुणाला सांगितलं नाही." खालच्या वहिनी स्वतः इन्सुलिन घेतात, सुया रुमालात गुंडाळून टाकत होत्या. आमच्या ३२ घरांत इन्सुलिन घेणारी पाच घरं निघाली. मी समजत होते, आमचं एकच.

मी १९९४ मध्ये लग्न होऊन नवी मुंबईत आले. महापालिका तेव्हा नुकतीच, १९९२ ची. कोपरखैरणेचं निसर्ग उद्यान जिथे आहे तिथे पूर्वी डम्पिंग ग्राउंड होतं. तिथल्या हिरवळीवर माझी मुलं घसरगुंडी खेळली, आणि पायाखाली या शहराचा जुना कचरा आहे हे मी त्यांना मुद्दाम सांगायचे. आताचा कचरा तुर्भ्याला जातो. ओल्याचं खत होतं. डायपरचं होत नाही. त्यातलं प्लास्टिक आणि जेल कुजत नाहीत, आणि ते खतात गेले तर खतही बिघडतं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर देशात तिसरं आलं तेव्हा मी खरंच पेढे वाटले होते. तो आनंद आजही आहे. म्हणूनच पंपरूमजवळचा तो तिसरा डबा मला महत्त्वाचा वाटतो.

आता नियमही बदललेत. घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आणि त्यात चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा. डायपर-पॅड अखेर सुक्यातून बाहेर आले. बल्ब, औषधं, रंगाचे डबे, पाऱ्याचे थर्मामीटर चौथ्यात. मी ते वाचलं तेव्हा पहिली आठवण झाली त्या काकांची. दुसऱ्या दिवशी तेच जिन्यात थांबून विचारत होते, "चौथ्यासाठी डबा कुठला घ्यायचा?"

मावशींचा तिसरा डोस फेब्रुवारीत झाला. मी सोबत गेले होते. परत येताना रिक्षात त्यांनी पिशवीतून एक फिनाइलची रिकामी, धुतलेली बाटली काढली. त्यांच्या वस्तीत शेजारची मुलगी आहे, नववीत, तिलाही इन्सुलिन लागतं.

"तुमचा तो लाल रंग थोडा उरलाय का, ताई?"

घरी आल्यावर मी डबी शोधली. वरचा थर वाळून साय धरलेला होता, खाली ओला होता. मावशींनी पट्टा स्वतः मारला, माझ्यापेक्षा रुंद, बाटलीच्या चारी बाजूंनी. "एका बाजूनं दिसून काय उपेग," म्हणाल्या, "पिशवीत ती कशीबी पडती." मग मी आमचीही बाटली आणली आणि त्यांच्याकडून उरलेल्या तीन बाजू रंगवून घेतल्या.