माचू पिचूचा स्वस्त रस्ता: हिद्रोएलेक्त्रिकाने जाणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं

पेरूतल्या कुस्को शहरात, प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकाभोवती जिकडेतिकडे 'माचू पिचू, गाडीने, दोन दिवस एक रात्र' विकायला ठेवलेलं असतं. रेल्वेपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं, यात खोटं काही नाही. पण गाडी हिद्रोएलेक्त्रिकापर्यंतच, म्हणजे वीजकेंद्राजवळच्या रेल्वे थांब्यापर्यंतच जाते. पुढचे दहाएक किलोमीटर, माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालियेन्तेस गावापर्यंत, रुळांच्या कडेने पायी, आणि परतीची व्हॅन दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास. सगळा बेत या अडीचवर टांगलेला असतो आणि एजंट नेमकं तेच पैसे घेऊन झाल्यावर सांगतो.

हिशेब उलटा मांडा. अडीचला हजर राहायचं तर साडेदहाला माचू पिचूच्या दाराबाहेर पडायला हवं: पायऱ्या उतरायला तास, रुळांवरून दोन-सव्वादोन तास, थोडी सवड. आत नीट बघायला अडीच-तीन तास लागतात. म्हणजे प्रवेशाचं तिकीट सकाळी ६ किंवा ७ चंच हवं. ८ चं असेल तर धावपळ. ९ किंवा त्यापुढचं असेल तर गावात दुसरी रात्र काढा, नाहीतर परतीला रेल्वे घ्या. एजंट 'होऊन जाईल' म्हणतो. त्याचं होतं, आपलं होत नाही.

म्हणून आधी तिकीट, मग व्हॅन. तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. परदेशी प्रौढांना १५२ सोल (पेरूचं चलन), शेजारच्या वायना पिचू शिखरासह २००. जून ते ऑगस्टसाठी काही महिने आधी बघा. २०२४ पासून तीन सर्किटं, म्हणजे आत फिरायचे ठरलेले मार्ग आहेत आणि आत गेल्यावर सर्किट बदलता येत नाही. घ्यायचं ते दुसरं: वरच्या सज्जावरचं ओळखीचं दृश्यही दिसतं आणि खालच्या वास्तूंतूनही फिरता येतं. पहिल्यात वरून दृश्य मिळतं, पण शहरात उतरता येत नाही. तिसऱ्यात सूर्यमंदिराची बाजू आहे, तो वरचा फोटो मात्र नाही. 'प्रवेश समाविष्ट' असं लिहिलेल्या पॅकेजमध्ये बहुधा उरलेलं सर्किट आणि दुपारची वेळ गळ्यात पडते. पैसे देण्यापूर्वी सर्किट, तास आणि आपला पासपोर्ट नंबर छापलेलं तिकीट मागा. ते दाखवत नसेल तर उठा.

गावात, म्हणजे आग्वास कालियेन्तेसला, रोज १००० तिकिटं खिडकीवर विकतात. मूळ पासपोर्ट दाखवून नंबर घ्यायचा, नंबराच्या वेळी परत येऊन तिकीट घ्यायचं. ते साधारणपणे दुसऱ्या दिवसाचं असतं. कुस्कोहून सकाळी निघालेला माणूस चालत गावात पोहोचेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजतात. एका रात्रीच्या बेतात ही खिडकी धरूच नका.

आता व्हॅन. सहा-सात तास लागतात. वाटेतल्या ओयांतायताम्बो गावानंतर अब्रा मालागाची खिंड ४,३१६ मीटरवर, तिथून सांता मारियापर्यंत सुमारे ३,००० मीटर उतार, वळणामागे वळण. गाडी लागणाऱ्यांनी खिंडीच्या आधीच गोळी घ्यावी आणि पुढची सीट पकडावी. सांता मारिया ते सांता तेरेसा हा पट्टा सगळ्यात वाईट: अरुंद, दरीच्या काठाने, कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. खिडकीची हौस असली तरी दरीकडची जागा टाळलेली बरी.

परतीच्या व्हॅनचा गोंधळ वेगळाच. हिद्रोएलेक्त्रिकाला ड्रायव्हर कागदावरची नावं ओरडतात. यादीत नाव नसेल तर पावती असूनही पुन्हा पैसे मागतात. पावतीवर नाव पासपोर्टप्रमाणे, व्हॅनवाल्याचं नाव, फोन आणि 'परत' हा उल्लेख लिहून घ्या. मराठी आडनावांची स्पॅनिश कानाला वाट लागते, म्हणून यादी स्वतः वाचायला मागा.

चालणं अवघड नाही, चढ दोनेकशे मीटर. सुरुवातीला पायवाट धरून वरच्या रुळांवर यायचं. खडी पायाला टोचते, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. आडोशाला बारीक माश्या असतात. चावताना कळत नाही, खाज मात्र कित्येक दिवस जात नाही. हाफ पँट नको. गावाजवळ बोगदा आला की आत शिरू नका, बाजूचा रस्ता धरा. अंधारात हे सगळं कटकटीचं होतं, त्यामुळे हिद्रोएलेक्त्रिकाला जेवत बसू नका.

वर जाणारी बस परदेशी माणसाला एका बाजूला १२ डॉलर. पायऱ्यांची चढण सुमारे ४०० मीटरची, सह्याद्रीत नियमाने फिरणाऱ्याला तास-सव्वातास. पायथ्याचा पूल पहाटे पाचला उघडतो. हा पूल गाव आणि हिद्रोएलेक्त्रिकाच्या मध्ये आहे, त्यामुळे सकाळीच खोली सोडून पाठपिशवी सोबत न्या आणि परतताना गावात न जाता पुलावरूनच रुळांकडे वळा. पिशवी ४०×३५×२० सेंटीमीटरच्या आत बसवा, मोठी असेल तर दाराशी ठेवावी लागते. शौचालय दाराबाहेरच आहे आणि एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत.

विरळ हवेचा त्रास माचू पिचूला (२,४३० मीटर) नाही, कुस्कोला (३,४०० मीटर) होतो. विमानातून उतरून थेट ओयांतायताम्बोला, सुमारे २,८०० मीटरवर, राहायला जा. गावही सुरेख आहे. शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने, सिन पोयो' (मांस नको, कोंबडी नको) असं दोन्ही म्हणावं. नुसतं 'सिन कार्ने' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते.

डिसेंबर ते मार्च हा रस्ता नकोच. १९९८ च्या फेब्रुवारीतल्या चिखललोटाने हिद्रोएलेक्त्रिकाचं वीजकेंद्र गाडलं आणि पुढे क्वियाबाम्बा गावाकडे जाणारे रूळ वाहून गेले. रेल्वे आज हिद्रोएलेक्त्रिकाला संपते ती त्यामुळेच. २०१० च्या जानेवारीत पुराने रूळ तुटून हजारो प्रवासी आग्वास कालियेन्तेसला अडकले होते. पावसाळ्यातच जायचं असेल तर ओयांतायताम्बोहून रेल्वे घ्या आणि पुढच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.