छायाचित्राखाली लिहिलेली नावे

आजीच्या ट्रंकेत सापडलेला एक फोटो माझ्याकडे आहे. नऊवारीतल्या तीन बायका, फेटा बांधलेले दोन पुरुष आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली पाच मुले. मागच्या बाजूला स्टुडिओचा पुसट शिक्का आहे. नाव एकाचेही नाही. यांतली माझी पणजी कोणती, हे सांगू शकणारे घरातले शेवटचे माणूस दहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जुन्या छायाचित्रांचा कोणताही संग्रह उघडला, की चेहऱ्यांखाली काही लिहिले आहे का, हेच मी आधी पाहतो. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या ग्रंथालयात असलेला सोफुस ट्रोमहोल्ट यांचा संग्रह पाहताना हा शोध वाया गेला नाही.

ट्रोमहोल्ट मूळचे डेन्मार्कचे; बर्गनमध्ये शिक्षक होते आणि ध्रुवीय प्रकाशाच्या, म्हणजे ध्रुवाजवळच्या रात्रीच्या आकाशात झळकणाऱ्या रंगीत उजेडाच्या, अभ्यासाने झपाटलेले होते. 1882-83 हे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष ठरले आणि अनेक देशांनी उत्तरेकडे निरीक्षण केंद्रे उभारली. नॉर्वेचे केंद्र देशाच्या उत्तर टोकाला बॉसेकोप येथे होते. तेथून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला असलेल्या काउतोकेइनो या गावी ट्रोमहोल्ट जाऊन राहिले. एकाच वेळी दोन ठिकाणांहून तोच प्रकाश पाहिला तर त्याची उंची मोजता येईल, असा त्यांचा हिशोब होता. त्या प्रकाशाचे छायाचित्र मात्र त्यांना घेता आले नाही, कारण त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा इतका मंद उजेड पकडण्याइतक्या संवेदनशील नव्हत्या. ते यश 1892 मध्ये मार्टिन ब्रेंडेल या जर्मन संशोधकाला मिळाले. ट्रोमहोल्ट यांनी कॅमेरा वळवला तो गावातल्या सामी माणसांकडे, म्हणजे त्या उत्तर भागातल्या मूळ रहिवाशांकडे.

काउतोकेइनो हे नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क प्रांतातल्या पठारावरचे, फिनलंडच्या सीमेजवळचे गाव. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही. रेनडिअर पाळणाऱ्या कुटुंबांसाठी ते हिवाळ्याचे गाव होते. उन्हाळा आला की ती कळपांमागोमाग समुद्रकिनाऱ्याकडे जात आणि गाव ओस पडे. त्यामुळे चर्च, बाजार, लग्ने आणि तंटे, सारे काही त्या अंधाऱ्या महिन्यांत होत असे. येण्याजाण्यासाठी एका रेनडिअरने ओढायची, होडीच्या आकाराची छोटी घसरगाडी असे. अंगावर केसाळ कातड्याचे सैल डगले, खाली तशाच कातड्याचे, टोके वर वळलेले बूट. या बुटांपाशी मी फार रेंगाळलो. त्यांत मोजे घालत नसत. लव्हाळ्याच्या जातीचे एक गवत उन्हाळ्यात कापून, कुटून मऊ करून, वाळवून ठेवत आणि रोज पायाभोवती नीट गुंडाळून बुटात भरत. रात्री ते बाहेर काढून सुकवायचे आणि सकाळी पुन्हा भरायचे. हे काम जो आळसाने करील त्याची बोटे थंडीने जाण्याचा धोका असे. घरातल्या माणसांना हिवाळाभर पुरेल इतके गवत साठवणे हे आपल्याकडच्या बेगमीसारखेच काम होते.

ट्रोमहोल्ट यांनी घेतलेल्या बऱ्याच छायाचित्रांत माणूस छातीपर्यंतच दिसतो आणि चेहऱ्याने चौकट भरून जाते. त्यांनी या माणसांची नावे लिहून ठेवली. त्या काळात हे सहज होण्यासारखे नव्हते. पुढच्याच वर्षी, 1884 मध्ये, फ्रान्सचे प्रिन्स रोलाँ बोनापार्त यांची मोहीम सामी प्रदेशात आली ती वंशाचा अभ्यास म्हणून माणसांची मापे घेण्यासाठी, एकदा समोरून आणि एकदा बाजूने छायाचित्र काढण्यासाठी. आपल्याकडेही 1868 ते 1875 या काळात ब्रिटिश सरकारने भारतातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांत बहुतेक ठिकाणी चित्राखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे क्वचितच. एका नावाने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. माझ्या ट्रंकेतला फोटो त्याला दाखवावा, असे मला वाटते.

काउतोकेइनोच्या लोकांसाठी या नावांचे मोल आणखी एका कारणाने वाढले. 1944 च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क पद्धतशीरपणे जाळले. काउतोकेइनोचे अठराव्या शतकाच्या आरंभीचे लाकडी चर्चही त्यात गेले. घरांबरोबर घरातल्या वस्तूही गेल्या. ट्रोमहोल्ट यांचा संग्रह दूर बर्गनमध्ये राहिला. 2013 मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली.

या संग्रहातल्या एका माणसाजवळ मी पुन्हा पुन्हा येतो. त्याचे नाव लार्स हेट्टा. 1852 मध्ये फिनलंडची सीमा नॉर्वेच्या बाजूच्या कळपांसाठी बंद झाली आणि कित्येक कुटुंबांची हिवाळी कुरणे तुटली. त्यातच दारूच्या व्यापाराने गांजलेल्या लोकांमध्ये लेस्टाडियस या स्वीडनमधील धर्मोपदेशकाच्या प्रेरणेतून धार्मिक जागृतीची लाट पसरली होती. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला सामींच्या एका गटाने गावावर चाल केली. त्यात व्यापारी आणि पोलीस अधिकारी मारले गेले व पाद्र्याला चाबकाने मारले. त्या गटातला लार्स तेव्हा अठरा वर्षांचा होता. मृत्युदंडाऐवजी त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात तो लाकडापासून सामींच्या रोजच्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती करू लागला आणि बायबलचे उत्तर सामी भाषेत भाषांतर करू लागला. 1867 मध्ये तो सुटला. संपूर्ण बायबल त्या भाषेत 1895 मध्ये छापले गेले, त्यात त्याच्या कामाचा मोठा वाटा होता.

ट्रोमहोल्ट यांनी 1883 च्या सुमारास त्याचे छायाचित्र घेतले तेव्हा लार्स पन्नाशीला टेकला होता. त्याच उठावाबद्दल त्याचा थोरला भाऊ अस्लाक आणि मोन्स सोम्बी यांचा 14 ऑक्टोबर 1854 रोजी आल्टा येथे शिरच्छेद झाला होता आणि दोघांची शिरे अभ्यासाचे नमुने म्हणून क्रिस्तियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) विद्यापीठाकडे गेली होती. लार्स कॅमेऱ्यासमोर बसला त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षे आणि त्यानंतर शतकाहून अधिक काळ ती दफनाविना राहिली. नातलगांच्या पाठपुराव्यानंतर 1997 मध्ये ती आल्टाजवळच्या कोफ्योर्ड येथे पुरण्यात आली.