वाफसा बघून निघणारं यंत्र

जुलै, रविवार रात्र

दुपारी उघडीप मिळाली आणि मी घरी बनवलेलं, आपलं आपण फिरून गवत कापणारं यंत्र पहिल्यांदाच पात्यांसकट लॉनवर उतरलं. आतापर्यंत ते नुसतं फिरायचं. आईच्या भाषेत प्रदक्षिणा घालायचं. आज कापलं. बाबा पोर्चमधल्या खुर्चीतून न उठता म्हणाले, "चाललंय की." कोल्हापुरात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न मोटरीबद्दल असतो. एवढीशी मोटर गवत कापणार कशी? दुकानातलं विजेवरचं लॉनमोअर हजार-दीड हजार वॅटचं असतं. माझी पात्याची मोटर, ७७५ नंबरची, कोरड्या गवतात जेमतेम चाळीसेक वॅट घेते. फरक कामातच आहे. माणूस पंधरा दिवसांनी लॉनमोअर बाहेर काढतो तेव्हा गवत वीतभर झालेलं असतं, आणि ते आडवं करायला जोर लागतो. हे यंत्र रोज निघून दोन-चार मिलिमीटर शेंडा तेवढा उडवतं. एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप लहान होत जातं: मोटर, बॅटरी, वजन, खर्च.

स्वीडनच्या हुस्कवार्नाने १९९५ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणलेला असा रोबो निव्वळ सौरऊर्जेवर चालायचा. पाठीवरच्या पॅनेलमधून मिळेल तेवढीच वीज, म्हणजे रोज थोडं थोडं कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याआधीच्या यंत्रांची वंशावळ वेगळी. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने पहिलं लॉनमोअर केलं, ते कापडगिरणीतलं यंत्र बघून. लोकरी कापडावरची लव कातरून सारखी करणारं दंडगोल पातं त्याने गवताला लावलं. मला हे फार आवडतं. रोजच्या रोज नुसती लव काढणारं माझं यंत्र त्या गिरणीतल्या यंत्राच्या जास्त जवळचं आहे असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर उलटला.

पाती बसवायची चकती उद्यमनगरात लेथवर करून घेतली. बावीस सेंटिमीटर व्यासाची, कडेला तीन भोकं, त्यांत सैल बोल्टवर कटरची पातळ पाती. पाती घट्ट बसवायची नाहीत. चकती फिरली की ती आपणच बाहेर ताठ होतात आणि दगड लागला तर मागं मुडपतात. लेथवाले मामा ड्रॉइंग बघून म्हणाले, "ताई, ही पाती डुलत्यात की. आवळू काय?" मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर चकतीची कडच ताशी सुमारे १२५ किलोमीटरने जाते, पात्याचं टोक त्याहून जास्त. हा आकडा सांगितल्यावर मामांनी चकतीचं बॅलन्सिंग पुन्हा तपासलं, न सांगता. मीही घरी येऊन कव्हरची कड आणखी खाली आणली. कव्हर म्हणजे पालथं घातलेलं प्लास्टिकचं मोठं घमेलं. त्यावर मधोमध लाल स्टॉप स्विच, आणि यंत्र उचललं किंवा कललं की पातं बंद करणारे सेन्सर. यात काटकसर करायची नाही हे आधीच ठरलं होतं.

गुरुवार

चाकांना जुन्या बाजारातल्या गाडीच्या वायपर मोटरी आहेत. वर्म गिअरमुळे त्यांना ताकद भरपूर, वेग कमी, आणि बारा व्होल्टवर चालतात, ३.२ व्होल्टचे चार लिथियम आयर्न फॉस्फेट सेल जोडले की काम भागतं. ज्याला करायचं असेल त्याच्यासाठी एक गोष्ट लिहून ठेवते: या मोटरींचं एक टोक बऱ्याचदा बॉडीलाच जोडलेलं असतं. गाडीत ते चालतं. इथं मोटर उलटीही फिरवायची असते, त्यामुळे लोखंडी सांगाड्यावर मोटर थेट कसली की शॉर्ट. मधे फायबरची पट्टी हवी.

पण आजचा सगळा वेळ तारेत गेला. यंत्राला आपलं अंगण कुठं संपतं ते कळायचं कसं? लॉनभोवती तांब्याची बारीक तार दोन बोटं मातीत पुरायची, दोन्ही टोकं एका छोट्या सर्किटला जोडायची आणि तिच्यातून विजेचे ठोके सोडायचे. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वेटोळ्याच्या आत त्याची दिशा एक, बाहेर बरोबर उलटी. यंत्राच्या नाकाशी एक कॉइल, ती हे ठोके ऐकते. ठोका सुलटा आला तर आत, उलटा आला तर हद्द ओलांडली, मागं फिर. काहीच ऐकू आलं नाही तर तार तुटली असं धरून जागीच थांब. इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती मी फार कमी पाहिली आहे.

अडचण आमच्या बोअरच्या केबलची. ती लॉनच्या कडेनेच जाते, आणि पंप चालू झाला की पन्नास हर्ट्झची गुणगुण कॉइलमध्ये शिरते. इलाज आर्डुमोअर या जर्मन खुल्या प्रकल्पातून घेतला: नुसते ठोके न पाठवता ठरावीक क्रमाचा नमुना पाठवायचा आणि आलेल्या सिग्नलमध्ये तोच नमुना शोधायचा. संध्याकाळी आईने टाकी भरायला पंप लावला, यंत्र बिचकलं नाही.

आत राहून जायचं कुठं? कुठंही. तार लागली की थोडं मागं, मनाला येईल तेवढा कोन वळ, पुन्हा सरळ. माझ्या आत्तेभावाला हे अगदीच अडाणी वाटतं. तो म्हणतो, सॅटेलाइटवाला आरटीके लाव, दोन सेंटिमीटरपर्यंत नेमकं कळतं. खरं आहे. पण त्याला मोकळं आकाश लागतं, आणि आमच्या लॉनवर एका बाजूने आंबा, दुसऱ्या बाजूने शेजारची चार मजली इमारत. शिवाय हिशोब करून बघितला. सगळं लॉन एकदा कापून होईल एवढं अंतर यंत्र भरकटत चाललं, तर साधारण ३७ टक्के भाग अस्पर्श राहतो. दुप्पट अंतरात १४, तिप्पट अंतरात ५. रोज निघणाऱ्याला आजच्या ३७ टक्क्यांची फिकीर कशाला? उद्या आहेच.

पुढचा मंगळवार

उद्या आहेच, हे मी आषाढात लिहिलं.

पाऊस थांबायचं नाव नाही आणि गवत हाताला लागेल एवढं वाढलंय. या यंत्राचा सगळा डोलारा "रोज थोडं" यावर उभा, आणि आमच्याकडं गवत नेमकं वाढतं तेव्हाच रोज निघता येत नाही. युरोपातले रोबो रिमझिमीतही फिरतात. त्यांच्याखाली घट्ट विणलेली हिरवळ असते. आमच्याकडं वरवर पसरलेली तांबडी माती, खाली काळी. चाक दोनदा फिरलं की चिखलाचा जाड थर. लव्हाळा तर पात्याखाली नुसता नमतो आणि यंत्र पुढं गेलं की पुन्हा उभा.

दुकानी यंत्रात पावसाचा सेन्सर असतो. मीही लावला होता. पण पाऊस थांबल्याने काम होत नाही, जमीन वाफशावर यायला हवी, म्हणजे चाक रुतणार नाही इतपत सुकायला हवी. बाबांच्या भाषेत घात. बाबा आयुष्यभर शेती करून आता पोर्चमध्ये बसलेत. ते म्हणाले, "घात आल्याशिवाय कोण कुळव घालतंय का? तुझ्या डब्याला घात कळत नसंल तर ठेव आत." बोलले रागाने, पण काम झालं. पावसाचा सेन्सर काढला. आता यंत्र बाहेर पडलं की आधी पातं बंद ठेवून तारेच्या आत थोडं चालतं आणि चाकांच्या मोटरी किती करंट खातात ते बघतं. कोरड्यावर दोन अँपिअरच्या आसपास. चाक रुतायला लागलं की दुपटीवर जातं. तसं झालं तर परत फिरतं आणि दुपारी पुन्हा बघतं. वाफसा असेल तरच पातं सुरू. चाकांना स्क्रूचे दातेही बसवलेत, आणि पात्याची उंची वाढवून ठेवलीय, म्हणजे वाढलेलं गवत टप्प्याटप्प्याने खाली आणता येईल.

रात्री मात्र चालवायचं नाही. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मेलेले हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेले छोटे प्राणी, ठेवून असे रोबो तपासले. एकालाही धडकल्याशिवाय पुढ्यात काही आहे हे कळलं नाही. आमच्या अंगणात हेजहॉग नाहीत, पण पावसाळी रात्री लॉनवर बेडूक किती असतात ते मला माहीत आहे.

श्रावणातला शनिवार

आज तात्या आले. मागच्या गल्लीत त्यांच्या दोन म्हशी आहेत. दर पावसाळ्यात विळा घेऊन यायचे, लॉन कापायचे, भारा बांधून न्यायचे. पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत, आम्ही कधी विचारले नाहीत. हे यंत्र बनवताना मी वॅट, अँपिअर, टक्के सगळं मोजलं. तात्यांचा भारा कुठल्याच हिशोबात नव्हता. यंत्र शेंड्यांचा चुरा करतं, तो तिथंच कुजून खत होतो. लॉनला चांगलं. म्हशीला काय?

आईचंही होतंच. गणपती तोंडावर आलेत आणि हरळीचे कोंब रोज उडाले तर दूर्वा आणायच्या कुठून? लॉन घरचं असताना जुड्या विकत आणायला ती तयार नाही.

म्हणून तार हलवतेय. तुळशीकडचा कोपरा दूर्वांसाठी बाहेर. विहिरीकडची लांब पट्टी तात्यांची, तिथं विळा चालेल. उरलेलं यंत्राचं. तात्यांनी पट्टी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "अजून हातभर सोडा की." मी लगेच हो म्हटलं. कॉइल नाकाशी असली तरी वळायच्या आधी यंत्र तारेपलीकडं वीत-दीड वीत जातंच, त्यामुळे तेवढी जागा मला तशीही सोडावी लागणार होती. तात्यांना मात्र आपण घासाघीस जिंकली असं वाटलंय. मी काही बोलले नाही. तार वीसेक मीटर कमी पडतेय, ती सोमवारी आणायची.