दुसरं गाणं

धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला मला अर्धा तास लागतो. अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचा १९७१चा 'कोट ऑफ मेनी कलर्स' हा अल्बम २७ मिनिटांत संपतो. उरलेल्या तीन मिनिटांत मोज्यांच्या जोड्या जुळवायच्या; बहुतेक वेळा जुळत नाहीत.

पहिलं गाणं अल्बमच्याच नावाचं. टेनेसीतल्या डोंगराळ सेव्हिअर काउंटीतलं लाकडी घर, बारा भावंडं, त्यातली डॉली चौथी. कोणीतरी दिलेल्या चिंध्या जोडून आईनं तिला कोट शिवला आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगितली. पोर तो कोट मिरवत शाळेत गेली आणि वर्गभर हसं झालं. बस, एवढंच. गिटार मागे हळूच चालत राहते आणि डॉली अजिबात रडत नाही. त्यामुळे ते काम आपल्याला करावं लागतं.

हे गाणं तिला १९६९ साली सुचलं ते पोर्टर वॅगनर या गायकाच्या बसमध्ये, दौऱ्यावर असताना. जवळ कागद नव्हता, म्हणून तिनं वॅगनरच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर ते लिहून काढलं. आणि वॅगनरचे सूट म्हणजे काय? खड्यांनी मढवलेले, दिव्याखाली डोळे दिपवणारे! चिंध्यांच्या कोटाचं गाणं उतरलं ते त्या झगमगाटाच्या पावतीवर. पुढे गाणं गाजल्यावर वॅगनरनं ती फ्रेम करून घेतली म्हणे. माझ्याकडे लाँड्रीच्या पावतीमागे 'तूरडाळ, फिनेल, गॅसवाल्याला फोन' इतकंच असतं.

परवा आई घड्या घालायला शेजारी बसली होती. "ही काय म्हणतेय गं?" मी एकेक ओळ थांबवून अर्थ सांगितला. मला वाटलं, आता पदर डोळ्यांना जाणार. आईनं हातातला परकर झटकला आणि विचारलं, "अस्तर कसलं लावलं होतं? नुसत्या चिंध्यांचा कोट उसवतो."

आयुष्यभर मशीनवर बसलेल्या बाईचा प्रश्न. गाण्यात त्याचं उत्तर नाही.

तेवढ्यात दुसरं गाणं लागलं. 'ट्रॅव्हलिंग मॅन'. चाल टणाटण उड्या मारते. एक फिरता विक्रेता, त्याच्यावर भाळलेली मुलगी, आणि आईचा त्याला कडक विरोध. मुलगी चोरून भेटते, पळून जायचं ठरवते, आणि शेवटी तो पळून जातो खरा, पण तिच्या आईला घेऊन!

आईच्या मायेनं घसा दाटून येतो न येतो तोच हे! शब्द दोन्ही गाण्यांचे डॉलीचेच. पहिलं गाणं पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११च्या यादीत जाऊन बसलं. ते योग्यच. पण मला तो अल्बम आवडतो तो या दुसऱ्या गाण्यामुळे. त्याच्याशिवाय पहिलं गाणं देव्हाऱ्यात जाऊन बसलं असतं. हल्ली फोन गाणी पत्ते पिसल्यासारखी पिसून लावतो, मग ती आई एकटीच येते, कोट शिवते आणि जाते. मी तो पर्याय बंदच करून टाकलाय.

अल्बममधली तीन गाणी वॅगनरची आहेत. ती लागली की माझे हात जरा भराभर चालतात, हे कबूल करते.

तर, दुसऱ्या गाण्याचा शेवट मी आईला सांगितला. ती हसता हसता खोकायलाच लागली. ओढणीची अर्धी घडी हातात तशीच.

"आणि घरातलं बाकीचं कोण बघत होतं?"

"तसं काही गाण्यात नाहीये गं."

"कसं नाहीये? परत लाव."

मी परत लावलं.