कोयत्याचा वर्गांक

"मॅडम, कोयत्यावर पुस्तक आहे का?"

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. दिवाळी तोंडावर आली होती, देवघेवीच्या खिडकीशी गर्दी होती. विचारणारी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी. मी मान वर न करताच म्हटलं, "६३१.३. आतल्या दालनात, डावीकडचं दुसरं कपाट." शेतीची अवजारं तिथे असतात. वर्गांक, म्हणजे कोणत्या विषयाचं पुस्तक कुठल्या फळीवर ते सांगणारे आकडे, तोंडपाठ असल्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

दहा मिनिटांनी ती रिकाम्या हाताने परत आली. "तिथे नांगर आणि फवारणीचे पंप आहेत. मला कोयता पाहिजे. म्हणजे माणसं, मॅडम. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात ना, तो. आमच्या घरचा एक कोयता जातो दरसाल, ऊस तोडायला, साखर कारखान्यावर."

इथे नोकरी करून मला नऊ वर्षं झाली होती. हंगाम सुरू झाला की वर्ग रिकामे होतात, मुकादमाची उचल, टोळ्यांचे ट्रक, सगळं रोज कानावर पडायचं. पण खिडकीत बसले की माझ्या डोक्यात ड्युईचे, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या दशांश पद्धतीचे, आकडेच फिरायचे.

खिडकी सहायकाकडे सोपवून मी तिच्याबरोबर उठले. आधी ६३३.६१, ऊस. मेल्विल ड्युईने १८७६ मध्ये मांडलेली ही पद्धत पत्त्यासारखी वाचायची, जिल्हा, तालुका, गाव, वाडी अशी: ६०० तंत्रविज्ञान, त्यात ६३० शेती, त्यात ६३३ शेतातली पिकं, ६३३.६ साखर आणि पिष्ट देणारी पिकं, ६३३.६१ ऊस. लागवड, खोडवा, पाचट, ठिबक, सगळं होतं. तोडणारं कोणी नव्हतं.

उसाची साखर झाली की तो ६६४.१ मध्ये जातो, खाद्यतंत्रज्ञानात. कारखान्याचं सहकारी रूप ३३४ मध्ये. तिथे प्रवरेचा १९५० चा सहकारी साखर कारखाना, तो उभारणारे विठ्ठलराव विखे-पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ भेटले. वनस्पतिशास्त्राला विचाराल तर ऊस हे गवतच, ज्वारीचं भावंड. लिनियसने १७५३ मध्ये त्याला सॅकरम ऑफिसिनॅरम म्हटलं, म्हणून तो ५८४ मध्येही आहे. मजुरांसाठी ३३१, त्यात स्थलांतरितांसाठी ३३१.५४४. तिथे दोन अहवाल सापडले. आणि ऊसतोडीवरच्या कथा-कादंबऱ्या वरच्या मजल्यावर, ८९१.४६ मध्ये, मराठी साहित्याच्या गर्दीत.

ड्युईची यात चूक म्हणता येणार नाही. त्याने वस्तूंची नव्हे, ज्ञानशाखांची मांडणी केली. एकच वस्तू दहा शाखांत विखुरणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने सापेक्ष निर्देशी जोडली, म्हणजे एक विषय कुठल्या कुठल्या शाखांत आहे ते दाखवणारी सूची. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून चिन्हांनी जोडायची सोय केली, ती मला आजही जास्त पटते. पण कोणतीही पद्धत घ्या, पुस्तक शेवटी एकाच फळीवर उभं राहतं.

फिरता फिरता ती सांगत होती. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून सुटणारे चार पैसे, पहाटेची मोळी, आई आजारी पडली की अर्धा कोयता. "अर्धा" तिने इतक्या सहज म्हटलं की मी तेवढ्यावरच अडकले. माझ्या वर्गांकांच्या तालिकेत पूर्ण कोयताच नव्हता.

खिडकीशी येण्याआधी तिने ग्रंथालयाच्या संगणकावर "साखर" टाकून पाहिलं होतं. सगळ्यात वर मधुमेहाची पुस्तकं आली, ६१६.४६२. त्यावर आम्ही दोघी हसलो.

एका कार्डावर दोनच पुस्तकं देता येतात. तिने एक अहवाल आणि एक कादंबरी निवडली. तिला हवी असलेली उरलेली तीन मी माझ्या कार्डावर काढून दिली.

त्या संध्याकाळी थांबून मी त्या सगळ्या पुस्तकांच्या नोंदी उघडल्या. वर्गांकाला हात लावला नाही, विषयशब्दांत "कोयता" तेवढा घातला. आता शोधलं की अकरा पुस्तकं येतात. त्यातलं एक शेतीच्या अवजारांचं आहे. ते मी मुद्दाम राहू दिलंय.